फँटम पॉवरचं भूत कुठून बोलतं?

परळच्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली म्हणजे माझा स्टुडिओ. भिंतींना गोधड्या, खिडकीला दुहेरी पडदा, आणि काम रात्री एकनंतर, कारण त्याआधी खालचा रस्ता गप्प बसत नाही. तिथे मी मराठी ऑडिओबुकं रेकॉर्ड करतो. मागच्या उन्हाळ्यात एका कादंबरीची सत्तर पानं वाचून झाली आणि हेडफोन लावून ऐकताना लक्षात आलं की दोन वाक्यांच्या मधल्या जागेत एक बारीक सूर आहे. काचेच्या पेल्याच्या काठावरून कुणी ओलं बोट फिरवावं तसा. ईंऽऽ.

वाचणाऱ्या ताईंना विचारलं, "ताई, तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

"अहो, तो तर पहिल्या दिवसापासून येतोय. मला वाटलं तुमच्या मशीनचा असेल, असायचाच."

मी पहिली गोष्ट केली ती सगळेच करतात. इंटरफेसवरचं, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या छोट्या डब्यावरचं, ४८ व्होल्टचं बटण बंद केलं. सूर गेला. झालं, चोर सापडला, फँटम पॉवर, म्हणजे केबलवरून माइकला जाणारी ही वीज, घाण आहे! पण थोडा विचार केला तर या तर्कात काही दम नाही. फँटम बंद केल्यावर माइकही बंद पडतो. दिवा घालवला की झुरळं दिसेनाशी होतात, म्हणून घर स्वच्छ झालं असं कुणी म्हणत नाही.

पुढचे तीन आठवडे जो शोध घेतला त्यातून हा लेख झाला. फँटम पॉवरमध्ये थोडीफार खरखर असतेच, जवळजवळ प्रत्येक डब्यात. खरा प्रश्न असा की एरवी ती ऐकू का येत नाही?

आधी ही भानगड काय आहे ते बघू. गाण्याच्या कार्यक्रमात गायकाच्या हातात असतो तो बहुतेक वेळा डायनॅमिक माइक. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं, आवाजाने ते हलतं, वीज तयार होते. बाहेरून काही द्यावं लागत नाही. स्टुडिओतला कन्डेन्सर माइक नाजूक. त्यात धातूचा मुलामा दिलेली एक पातळ फिल्म आणि तिच्यामागे एक पत्रा असतो. फिल्म थरथरली की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यावरून आवाज कळतो. पण या जोडीचा सिग्नल इतका अशक्त असतो की केबलमधून दोन फूटही धड जाणार नाही. म्हणून माइकच्या पोटातच एक छोटा अँप्लिफायर बसवतात, आणि त्याला वीज लागते.

जुन्या व्हॉल्व्हच्या माइकना यासाठी वेगळा पॉवरचा डबा आणि अनेक पिनांची जाड केबल लागायची. ट्रान्झिस्टर आल्यावर विजेची गरज कमी झाली. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी केएम ८४ हा माइक केला, आणि त्याला लागणारी वीज आवाजाच्याच तारांवरून पाठवायची ठरली. किती व्होल्ट? त्या स्टुडिओंमध्ये आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच घेतली. आज जगभरचे मिक्सर आणि इंटरफेस जे ४८ व्होल्ट देतात, त्याचं मूळ ओस्लोच्या दिव्यांत आहे हे मला फार आवडतं. मोठाली मानकं पुष्कळदा अशीच ठरतात; जे हाताशी होतं ते.

आता गंमत. माइकच्या केबलला तीन पिना. एक नंबर म्हणजे शिल्ड, बाहेरची जाळी. दोन आणि तीन नंबरवरून आवाज येतो, आणि तो उलटसुलट येतो: दोनवर विजेची पातळी वर गेली की तीनवर खाली. मिक्सर, किंवा माझ्याकडचा इंटरफेस, या दोघांमधला फरक मोजतो. बाकी कशाकडे बघत नाही. ४८ व्होल्ट मात्र दोन आणि तीन या दोन्ही पिनांवर अगदी सारखे चढवतात, प्रत्येकीला ६.८ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावून, आणि ती वीज परत जाते शिल्डवरून. दोन्हीवर सारखे असल्यामुळे दोघांमध्ये फरक शून्य. मिक्सरच्या दृष्टीने ४८ व्होल्ट नाहीतच. चांगल्या केबलवर डायनॅमिक माइक लावून चुकून फँटम चालू राहिला तरी त्याला काही होत नाही ते याचमुळे. असून नसल्यासारखी वीज, म्हणून फँटम. (रिबन माइकवाल्यांनी तरी हात आखडताच ठेवावा. केबल सदोष असली तर त्यातली पातळ पट्टी खलास होऊ शकते.)

हे डोळ्यांसमोर आणायचं तर भाऊच्या धक्क्यावरची जुनी तागडी आठवा. कोळीण मावशींनी दोन्ही पारड्यांत सारखं वजन ठेवलंय, आणि मांडीखालची होडी लाटेवर हेलकावली. दोन्ही पारडी एकदम वर, एकदम खाली. काटा हलतो का? नाही. काटा फरक दाखवतो आणि लाट दोघांना सारखीच लागली. पण एक पारडं जरासं जड असेल तर प्रत्येक लाटेला काटा थोडा डुलणार. लाट तीच, पाणी तेच. फँटम पॉवरमधली खरखर म्हणजे ही लाट.

ही काळजी इतकी का करायची ते आकड्यांत बघा. माइकच्या बाजूचा रोध साधारण १५० ओहम धरला तर केवळ तापमानामुळे त्यात जी सळसळ असते, ती ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरते. निसर्गाने घातलेली ही तळाची मर्यादा. यापेक्षा शांत होणं खोलीच्या तापमानाला शक्य नाही. आणि त्याच तारांवर आपण चढवलेत ४८ व्होल्ट. म्हणजे तळाच्या सळसळीच्या जवळजवळ २२ कोटी पट. दक्षिण मुंबईतल्या उंच टॉवरच्या गच्चीवर मुंगी चालली तरी तिचा आवाज तळमजल्यावर ऐकू यायला हवा, असा हा प्रकार.

या ४८ व्होल्टवर लाटा कुठून येतात? जुन्या, जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या मिक्सरमध्ये घरातल्या विजेतून. आपली वीज ५० हर्ट्झची. ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करताना लाटेचा खालचा अर्धा उलटून वरच्या बाजूला घेतला जातो, म्हणून उरलेली लाट १०० हर्ट्झची होते. ऐकायला "घूं"पेक्षा "घर्र"च्या जवळ. हा आवाज जुना, ओळखीचा, आणि लाट सपाट करणारे फिल्टरचे कपॅसिटर सुकले की वाढणारा.

आजचे छोटे इंटरफेस वेगळे. त्यांना लॅपटॉपकडून यूएसबीचे ५ व्होल्ट मिळतात आणि त्यांचे ४८ करायचे असतात. त्यासाठी एक कन्व्हर्टर वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतो, जोडतो आणि वर ढकलतो. लाखोंचा वेग कानाला ऐकू येत नाही, मग प्रश्न कुठे? प्रश्न असा की काम हलकं असलं की काही कन्व्हर्टर वीज वाचवायला मध्येमध्ये डुलकी काढतात: थोडे ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा ठोके. या डुलक्यांची लय मात्र कानाच्या पट्ट्यात येते. त्यात यूएसबीचा स्वतःचा ताल आहे. त्याची माहिती दर १ मिलिसेकंदाला एक गठ्ठा अशी जाते, वेगवान प्रकारात दर १२५ मायक्रोसेकंदाला. म्हणजे १००० आणि ८००० हर्ट्झ. दर गठ्ठ्याला इंटरफेस थोडी जास्त वीज ओढतो, ५ व्होल्ट किंचित वाकतात, आणि ते वाकणं ४८ पर्यंत पोचतं.

मी माझ्या रेकॉर्डिंगमधली शांत जागा सॉफ्टवेअरमध्ये, कोणता सूर किती ते दाखवणाऱ्या आलेखात, उघडून बघितली. १००० हर्ट्झवर एक काठी, बरोबर सरळ उभी. २०००, ३००० वर तिची पिल्लं. पेल्याचा काठ वाजवणारं बोट यूएसबीचं होतं.

म्हणजे मी इंटरफेसला दिलेल्या शिव्या बरोबरच होत्या? अर्ध्या. लाट कुठून आली ते कळलं. काटा का डुलला ते नाही.

इथे जरा गणित करू, कारण सगळा उलगडा त्यातच आहे. समजा ४८ व्होल्टवर १ मिलिव्होल्टची लाट आहे. माइकच्या प्रत्येक तारेच्या टोकाला आत ५० ओहम आहेत असं धरा. ६८०० ओहममधून येऊन ५० ओहमवर पडताना लाट सुमारे १३७ पट लहान होते. प्रत्येक तारेवर उरतात ७.३ मायक्रोव्होल्ट. तळाच्या सळसळीपेक्षा हे बरंच जास्त. पण दोन्ही तारांवर सारखं. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की त्या दोन ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरांमध्ये ०.४ टक्क्यांहून जास्त फरक नको, म्हणजे ६८०० मध्ये फार तर २७ ओहम. तेवढा फरक असला तर मिक्सरला दिसणारी लाट ०.०३ मायक्रोव्होल्ट. सळसळीखाली गाडली गेली.

आता रेझिस्टर बाजारातले साधे, एक टक्केवाले, न जुळवता लावले. एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या, तर फरक दोन टक्के आणि लाट ०.१५ मायक्रोव्होल्ट. अजूनही सळसळीपेक्षा कमी, पण एकाच सुराची काठी कान सळसळीखालूनही उचलतो. पाच टक्केवाले स्वस्त कार्बनचे लावले तर फरक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि लाट ०.७ च्या वर. कार्बनच्या रेझिस्टरमधून डीसी वाहू लागली की ते स्वतःही वेगळी खसखस करतात, म्हणून इथे मेटल फिल्मचेच हवेत. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, मेटल फिल्मचे रेझिस्टर चिल्लरमध्ये मिळतात. मूठभर आणावेत, मल्टीमीटरने मोजावेत, जुळे शोधावेत. पत्रिका जुळवण्यापेक्षा सोपं.

पण माझ्या इंटरफेसमधले रेझिस्टर मी मोजले होते. फरक नगण्य.

मग संशय लोकलवर. आमच्या घरापासून रेल्वेचे रूळ चालत पाच मिनिटांवर. मुंबईची लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायची, ती टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर आली. २०१६ मध्ये हार्बरचा शेवटचा तुकडाही बदलला. एसी म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे हवेत चुंबकीय लाटा, म्हणजे झालंच. पण माझा सूर शेवटची गाडी गेल्यावर पहाटे अडीचलाही तसाच होता, आणि तो १००० हर्ट्झचा होता. रेल्वे निर्दोष सुटली.

मग चार्जर. लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावला की लॅपटॉपच्या अंगाला बोट टेकल्यावर बारीक मुंग्या येतात, ती अर्थिंग नसल्याची खूण. त्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. चार्जर काढला, बॅटरीवर चालवलं. खालची हलकी "घूं" गेली, ती तोपर्यंत माझ्या लक्षातही आली नव्हती. ईंऽऽ तशीच.

शेवटी मदतीला आले आमचे एक जुने नाटकवाले साउंड काका. तीस-पस्तीस वर्षं नाट्यगृहांतून काढलेली, डिमरच्या दिव्यांची घरघर माइकमध्ये शिरते तिच्याशी लढण्यात अर्धा जन्म गेलेला. त्यांनी गोष्ट ऐकली आणि विचारलं, "केबल मोजलीस का रे?"

"काका, केबल नवीन आहे. आवाज नीट येतोय."

"आवाज नीट येतोय हे मी विचारलंच नाही."

त्यांनी खिशातून एक एक्सएलआर जॅक, म्हणजे माइकच्या केबलचा तीन पिनांचा जॅक, काढला. आत काही नाही, फक्त दोन आणि तीन या दोन्ही पिनांपासून शिल्डपर्यंत ७५ ओहमचा एकेक रेझिस्टर. खोटा माइक. तो आधी थेट इंटरफेसमध्ये लावला, फँटम चालू, गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, तेवढाच. शांत. नुसती सळसळ. मग तोच माझ्या केबलच्या टोकाला लावला, आणि ईंऽऽ परत आली, थोडी हळू, पण तीच.

केबल उघडली. दोन नंबरची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ०.३ ओहम. तीन नंबरची मल्टीमीटरवर स्थिर राहीना: २८०, ३४०, ४००, केबल वाकवली की आणखी काही. सोल्डरचा थेंब वरून चकचकीत, आत तार त्याला नुसती टेकलेली. ड्राय सोल्डर. वर आपली खारी हवा. तांब्यावर हिरवट झाक चढायला लागलेली.

आता पुन्हा तेच गणित. तीन नंबरच्या वाटेत ५० ऐवजी समजा ३५० ओहम झाले. त्या तारेवर उरणारी लाट ७.३ वरून ४९ मायक्रोव्होल्टवर गेली, दुसरीवर ७.३ च राहिली. फरक चाळीसच्या आसपास. आधीच्या ०.०३ शी ताडून बघा: हजार पटीहून जास्त. आणि ताईंचा आवाज? मिक्सरच्या दारातला रोध दोन-एक हजार ओहमचा असतो, त्यापुढे ही तीनशेची अडचण म्हणजे आवाजात जेमतेम एखाद्या डेसिबलची घट. कुणाच्या बापाला कळणार नाही. बोलणं ठणठणीत आणि तोल पार गेलेला, म्हणून तीन आठवडे मी इंटरफेसला आणि रेल्वेला दोष देत बसलो.

हे समजल्यावर आणखी बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. कॉलरला लावायच्या स्वस्त माइकना मोबाइल किंवा कॅमेरा जी वीज देतो, ती आवाजाच्या एकाच तारेवरून जाते. तिथे तागडीच नाही, एकच पारडं. विजेतली प्रत्येक लाट थेट आवाजात. एके काळी चित्रपटांच्या शूटिंगवर चालणारी टी-पॉवर नावाची १२ व्होल्टची पद्धत होती, तिच्यात वीज दोन आणि तीन पिनांच्या मधेच द्यायचे, म्हणजे नेमकी जिथे आवाज असतो तिथे. ती वीज अतिशय स्वच्छ ठेवावी लागायची. फँटमची हुशारी वीज स्वच्छ करण्यात नाही, अस्वच्छता दोघांत सारखी वाटण्यात आहे. आणि म्हणूनच तीन नंबरची पिन शिल्डला जोडून टाकणारा तो स्वस्त मोनो अडॉप्टर लावला की हा सगळा डोलारा एका फटक्यात कोसळतो.

तोल सांभाळला तरी एक चोरवाट राहते, ती माइकच्या पोटातून. तिथला अँप्लिफायर याच ४८ व्होल्टवर जगतो. वीज डुचमळली तर तोही डुचमळणार. चांगल्या माइकमध्ये आत एक कपॅसिटर लाट गिळतो. दोन ६.८ किलोओहम मिळून ३.४, त्याला ४७ मायक्रोफॅरडची जोड दिली तर साधारण १ हर्ट्झच्या वरची प्रत्येक लाट दबत जाते, आणि १००० हर्ट्झवर हजारेक पटीने. हे काम दोन रुपयांचं आहे, तरी काही माइकमध्ये ते दोन रुपये वाचवलेले दिसतात. काही ठिकाणी उलट होतं. वीज स्थिर ठेवायला आत झेनर डायोड घालतात, आणि झेनर स्वतःच सळसळतो. त्याच्या शेजारी कपॅसिटर नसेल तर औषधच रोग.

पावसाळ्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण जुलैत मला येणारे निम्मे फोन त्याचेच असतात. "फँटम फुटतोय, तळल्यासारखा आवाज येतोय." तळल्यासारखा, फटफट, कर्रकर्र, अनियमित, ही विजेची लाट नव्हे. कन्डेन्सरच्या फिल्मपाशी रोध अब्जावधी ओहमचा असतो. तिथे दमट हवेचा एक अदृश्य पापुद्रा बसला तरी वीज त्यावरून झिरपते आणि तडतडते. एसी गाडीतून थंडगार माइक काढून दमट जिन्यात उघडला की त्यावर बाष्प धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. माइक पेटीतच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग काढावा. एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा, आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या पुड्या डब्यात ठेवणं म्हणजे देवाला शिळं फूल वाहणं. माइक कोरडा केल्यावर तडतड गेली तर इंटरफेस दुरुस्तीला नेऊ नका.

तडतड केबल हलवल्यावरच येत असेल तर मात्र जॅक उघडा, शिल्डचाही. फँटमची परतीची वीज शिल्डवरूनच जाते हे लोक विसरतात. डायनॅमिक माइकवर वर्षभर गुपचूप चाललेली अर्धवट तुटकी जाळी कन्डेन्सर लावल्यावर पहिल्याच रात्री ओरडते.

काकांनी तीन नंबर पुन्हा सोल्डर केला. आधी तार खरवडली, मग तापवली, मग सोल्डर. आधी सोल्डर मग तार असं करणाऱ्यांबद्दल त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. मोजलं: ०.३ आणि ०.३. त्या रात्री ताईंनी सत्तर पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. पहाटे साडेचारच्या सुमारास, एका लांबलचक वाक्यानंतरच्या शांततेत, हेडफोनमध्ये घळघळ ऐकू आली आणि मी दचकून मीटरकडे बघितलं. पालिकेचं पाणी आलं होतं, भिंतीतल्या पाइपात. ताई पान उलटायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा तरी तुमच्या मशीनचा नाही ना?"